मावशी म्हणतात, बसतो

मावशींनी आयुष्यात संगणकावर एकही खेळ खेळला नव्हता. त्यांनी माऊस हातात धरला की पडद्यावरचा बाण कोपऱ्यात जाऊन बसे आणि तिथून काही केल्या बाहेर येत नसे. तरीही गेली आठ वर्षं आसपासची निम्मीअर्धी खेळाडू मंडळी हेडफोन घ्यायला त्यांच्याकडेच येत होती, आणि तेही स्वस्तातला हेडफोन घ्यायला. महागडा घेणारा कुठूनही घेतो. एवढे मोजले म्हणजे चांगलाच असणार, अशी त्याची समजूत झालेली असते. ज्याचा खिसा बेताचा असतो त्याला मात्र चुकायची सोय नसते. अशा माणसाला मावशी लागत.

दुकान त्यांच्या धाकट्या दिराचं. रुंदीला दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढंच, पण आत खोलवर गेलेलं. पुढे काचेचा काउंटर, त्यामागे छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर कीबोर्ड, माऊस आणि वायरींची भेंडोळी, आणि अगदी शेवटी पडद्याआड दुरुस्तीवाल्याची खोली. काउंटरच्या कडेला एक लाकडी खुर्ची होती आणि तिच्यासमोर भिंतीवर हातभर लांबीचा आरसा. ती मावशींची जागा.

नवीन हेडफोन दुकानात आला की त्याचं एक खोकं फोडून नमुन्याचा नग बाहेर निघे आणि तो आधी मावशींच्या डोक्यावर चढे. घालून, ‘छान आहे’ म्हणून काढून ठेवला, असला प्रकार नव्हता. मावशी तो दोन तास घालत. चष्म्यासकट घालत, कारण त्यांचं म्हणणं असं, की चष्मा न लावणाऱ्याच्या कानाला काहीही चालतं, त्याचं मत काय विचारायचं! पहिला अर्धा तास त्या हिशेबातच धरत नसत. पहिल्या अर्ध्या तासात सगळेच हेडफोन गोड वागतात. चाळीस मिनिटं झाली की कानाच्या पाळ्या तापू लागतात. तास झाला की चष्म्याच्या काड्या कानामागच्या हाडात रुतायला लागतात. दीड तासाने टाळूवर बोटभर जागा ठणकायला लागते, आणि तेव्हा खरं काय ते कळतं. या दोन तासांत मावशी खालच्या फळीवरचा माल काढायला वाकत, धूळ पुसत, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत आणि मध्येच दोन बिस्किटं चावून खात. जबडा हलला की कानाची गादी सरकते का, हे बघायला बिस्किटं. दीर म्हणे, “वहिनी, तुझ्या बिस्किटांचा खर्च हेडफोनच्या किमतीत धरायला पाहिजे.”

दोन तासांनी त्या हेडफोन उतरवत आणि आधी आरशात बघत. कान किती लाल झाला, केसांत खाच पडली का, कानशिलावर वण उठला का, हे सगळं बघून झालं की नग खुंटीवर टांगून निकाल देत. निकालाचे शब्द तीनच. ‘बसतो’, ‘चावतो’ आणि ‘लोंबतो’. आवाजाबद्दल त्या बोलत नसत. “आवाज तुमचा तुम्ही बघा बाबांनो. मला सगळं धडामधुडूमच ऐकू येतं.”

कुणी रंगीत दिव्यांचा हेडफोन मागितला की मावशी विचारत, “डोक्यावर घातल्यावर ते दिवे तुला दिसणार आहेत का?” माणूस दोन क्षण विचारात पडे. “मग समोरच्या भिंतीसाठी कशाला पैसे घालवतोस? तेवढ्यात कापडी गादीचा घे. रेक्झिनने कान उकडतात.” कुणाला नवा हेडफोन जरा घट्ट वाटला तर त्यांची एक युक्ती ठरलेली होती. “वापरायचा नसेल तेव्हा त्याच्याच खोक्यावर ताणून ठेव. आठ दिवसांत पट्टी सैलावते.” आणि जाताना एक ठरलेलं वाक्य: “फोनवर लोक काय काय लिहितात ते वाचू नकोस. ते लिहिणाऱ्यांची डोकी मी पाहिलेली नाहीत.”

बोलणं थोडं फटकळ होतं, पण लोकांना आवडे. दुकानात शिरणारा माणूस मालकाकडे बघतसुद्धा नसे. सरळ खुर्चीकडे जाऊन विचारी, “मावशी, हा बसतो का?”

या प्रश्नाचं मावशींना काय वाटे, ते बाहेरून कुणाला कळलं नसतं. त्या वयाच्या अठराव्या वर्षी लग्न होऊन आल्या. सासू आधीच गेलेली, सासरे अबोल, नवरा फिरतीच्या नोकरीत, आणि घरात अकरा वर्षांचा हा दीर, सतत कान धरून रडणारा. त्याचा कान फुटला होता. मावशींनी एक अख्खा उन्हाळा त्याला डॉक्टरकडे नेलं-आणलं, तासन् तास औषध घालून मांडीवर आडवं धरून ठेवलं. त्याचा अभ्यास घेतला, डबे भरले, पहिली दाढी केली तेव्हा कापलेल्या हनुवटीला तुरटी लावली. त्या त्याला ‘बाळ’ म्हणत, आणि तो एक्केचाळिसाचा झाला, पोट सुटलं, तरी बाळच राहिला. या सगळ्या वर्षांत घरात सोफा कुठला घ्यायचा, भिंतीला रंग कुठला द्यायचा, हे मावशींना कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं नाही असं काही नव्हतं. कुणाला सुचलंच नव्हतं. मग नवरा गेला. तेव्हा बाळच म्हणाला, “घरात बसून भिंतींकडे बघत राहशील. दुकानात येऊन बस.” मावशी आल्या, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर आयुष्यात पहिल्यांदा लोक रांग लावून त्यांचं मत विचारू लागले. त्या मताची त्या किती काळजी घेत, याचा अंदाज दोन तासांवरून यावा.

आता त्या लाल पट्ट्याबद्दल.

काळा हेडफोन, पट्टीवर एक लाल रेघ, म्हणून दुकानात त्याचं नाव लाल पट्टा पडलं. बाळने त्याचा अख्खा लॉट उचलला होता, तीनशे खोकी. इतका माल एकदम त्याने कधी घेतला नव्हता. मागच्या खोलीत उभं राहायला जागा उरली नाही आणि दुरुस्तीवाला पंधरा दिवस खोक्यांच्या भिंतीआड बसून काम करत होता. मग एके सकाळी बाळने नमुन्याचा नग मावशींच्या हातात दिला. “वहिनी, हा बघ ना. स्वस्त आहे, पण मला बरा वाटतोय.”

मावशींनी तो घातला. अर्धा तास गेला, तास गेला. दीड तासाने त्यांनी मुद्दाम मान हलवून बघितली, मग तीन बिस्किटं खाल्ली. टाळूवर काही नाही, काड्या रुतत नाहीत, कान थंड. दोन तास पुरे झाल्यावर उतरवला आणि आरशात बघितलं. केसांत खाच नव्हती. त्यांनी परत घातला आणि आणखी अर्धा तास काढला, कारण इतक्या स्वस्तात इतकं सुख त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

“बसतो,” त्या म्हणाल्या. “बाळ, अरे, खरंच बसतो!”

बाळने त्या दिवशी स्वतःच्या हाताने चहा करून आणला. दुरुस्तीवाला पडद्यातून डोकावून हसला आणि लगेच आत गेला. मावशींना वाटलं, सगळे आपल्यासारखेच खूश आहेत.

खूश व्हायला त्यांना कारण होतं. आठ वर्षं त्या सर्वांत कमी पैशांवाल्या माणसाला एकच उत्तर देत आल्या होत्या: ‘हा चावतो, दोन महिने थांब, थोडी भर घाल.’ ते उत्तर देताना त्यांना दर वेळी वाईट वाटे. पुस्तकं विकून आलेला विद्यार्थी असो की भाड्याच्या खोलीत राहणारी नोकरदार मुलगी असो, सगळ्यांना मान खाली घालून परत जाताना त्यांनी पाहिलं होतं. आता मात्र त्यांच्याकडे द्यायला काहीतरी होतं. त्यांनी लाल पट्टा अगदी मनापासून विकला. ज्यांना पूर्वी परत पाठवलं होतं त्यांना निरोप धाडून बोलावलं. बाळने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काचेवर चिकटवलं, ‘मावशी म्हणतात, बसतो.’ मावशी लाजल्या, पण कागद काढ म्हणाल्या नाहीत. दीड महिन्यात मागच्या खोलीतली खोक्यांची भिंत कमरेपर्यंत खाली आली.

ज्यांना बोलावलं त्यांत चष्मेवाली होती. एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसणारी, विशी-पंचविशीतली, जाड भिंगांची. तिचा भाऊ दूर दुसऱ्या शहरात नोकरीला होता. दोघं रोज संध्याकाळी सात ते नऊ एकत्र एक खेळ खेळत, जंगलात लाकडं तोडायची आणि झोपड्या बांधायच्या. “खेळतो कुठे, मावशी,” ती हसून म्हणाली होती, “बोलतो. नुसता फोन केला तर ‘जेवलीस का, बरी आहेस का’ करून दोन मिनिटांत ठेवतो. झोपडी बांधता बांधता मात्र सगळं सांगतो.” तिचा जुना हेडफोन मोडला होता. मावशींनी तिला लाल पट्टा दिला आणि म्हणाल्या, “डोळे मिटून घे.”

तीन आठवड्यांनी ती परत आली. आधी मावशींनी तिला ओळखलंच नाही. कमरेपर्यंतची जाड वेणी गेली होती, केस मानेवर येतील एवढेच उरले होते, आणि चष्माही नवा होता.

“अगं, किती वेगळी दिसतेस! छान दिसतंय.”

“छान म्हणून नाही कापले, मावशी.” ती काउंटरला टेकून हळू आवाजात बोलू लागली, जशी स्वतःचीच काही चूक कबूल करावी. “हेडफोनखाली केस दाबले जात असतील, म्हणून डोकं दुखत असेल असं वाटलं. मग काड्या रुतत असतील म्हणून चष्मा बदलला. तरी अर्ध्या तासात इथे,” तिने दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवली, “ठणके मारतात. तुम्हाला एक विचारायचं होतं. माझ्या डोक्यातच काही दोष असेल का? आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवू का?”

“हेडफोन परत का नाही आणलास?”

“हेडफोन कसा वाईट असेल? तुम्ही सांगितला होतात.”

मावशींनी तिच्या कापलेल्या केसांकडे बघितलं. “मग भावाशी?”

“त्याला सांगितलं, सध्या काम फार आहे. आता अर्धा तासच बोलतो.” तिने डोळे मिचकावले, तेव्हा ते जरा ओले दिसले. “हेडफोन आणलाय तसा. पिशवीत आहे.”

मावशींनी तिच्या पिशवीतला हेडफोन काढून तिथल्या तिथे डोक्यावर चढवला. दोन तास लागले नाहीत. दहाव्या मिनिटाला त्यांचे कान पेटले आणि विसाव्याला काड्या हाडाला टेकल्या. असा चावरा हेडफोन त्यांनी आठ वर्षांत दोनदाच पाहिला असेल. त्यांनी खुंटीवरचा नमुन्याचा नग काढला आणि दोन्ही समोर ठेवले. काळा रंग तोच, लाल रेघ तीच. पण नमुन्याची पट्टी दोन बोटांनी उघडत होती आणि मुलीच्या हेडफोनला दोन्ही हात लावावे लागत होते. नमुन्याच्या गादीत अंगठा दाबला तर खळगा सावकाश भरून येई. मुलीच्या गादीत दाबला की आतलं प्लास्टिकच लागे. मावशींनी मागून एक सीलबंद खोकं आणलं आणि काउंटरवर फोडलं. त्यातलाही मुलीच्यासारखाच. दुसरं फोडलं, तोही तसाच.

सीलबंद खोकं मावशी कधी फोडत नसत. फोडलेला माल नवा म्हणून विकता येत नाही, म्हणून दुकानात पहिल्यापासून रीतच होती, खुंटीवरचा तेवढा मावशींचा, खोकी गिऱ्हाइकाची. आठ वर्षांत त्यांना कधी वाटलं नव्हतं, की खुंटीवरचा आणि खोक्यातला वेगळा असू शकेल. चुकलं म्हणायचं तर इथे चुकलं.

“तुझ्या डोक्यात काही दोष नाही, बाळा,” त्या मुलीला म्हणाल्या. “हा इथे राहू दे. शनिवारी ये.” ती गेल्यावर त्या दोन्ही हेडफोन घेऊन पडद्याआड गेल्या.

दुरुस्तीवाल्याने दोन हेडफोन बघितले, मग मावशींचं तोंड बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. तो बाळच्याच वयाचा, सुरुवातीपासून दुकानात असलेला माणूस. त्याला विचारावं लागलं नाही.

“गाद्या एका महागड्या हेडफोनच्या आहेत, वहिनी. खराब म्हणून परत आला होता, त्याच्या काढल्या. बेतून, कापून बसवल्या.”

“आणि पट्टी?”

तो टेबलाकडे बघत राहिला. “खोक्यावर ताणून ठेवली होती. बारा-तेरा दिवस.” आणि मग, जणू त्यात काही मान असावा अशा आवाजात, “तुमचीच युक्ती.”

मावशी स्टुलावर बसल्या. त्यांना ती सकाळ आठवली. त्या आरशात कान वळवून वळवून बघत होत्या, आणखी अर्धा तास जास्त बसल्या होत्या, तीन-तीन बिस्किटं खात होत्या, आणि ही दोघं त्यांच्याकडे बघत होती. सगळं ठाऊक असून बघत होती. चहा आणला होता! त्या चहाची आठवण येताच मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याने फसवलं तर माणूस चिडतो, शिव्या घालतो, मोकळा होतो. आपल्याच माणसाने आपल्याला खुर्चीत बसवून फसवलं तर शिवीसुद्धा घशाच्या वर येत नाही.

बाळ दुपारी जेवून आला तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही हेडफोन मांडीवर होते. त्याला एका नजरेत सगळं समजलं. काउंटरमागे जाऊन त्याने उगाच वायरींचं एक भेंडोळं हातात घेतलं.

“कुणी तक्रार केली का?” त्याने विचारलं.

“तक्रार नाही केली. केस कापले तिने.”

“काय?”

“तुला नाही कळायचं ते. मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू ‘बसतो’ म्हणाली असतीस?”

“नसते म्हणाले.”

“मग!” एवढं साधं कसं कळत नाही, अशा सुरात तो म्हणाला. “वहिनी, लॉट घेताना फसलो मी. खोकी फोडल्यावर कळलं. तू एकदा चावतो म्हणाली असतीस की तीनशे खोकी पडून राहिली असती. पण मी तुला खोटं बोलायला लावलं का? नाही ना? तुला जे लागलं तेच तू सांगितलंस. तुझ्यावर कसला डाग नको म्हणूनच तुला यात ओढलं नाही. पाप असेल तर माझं.”

मावशींना दिसत होतं, तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, की आपण वहिनीला सांभाळून घेतलं.

“मग मला दोन तास बसवलंस कशाला? कागद परस्पर लिहून चिकटवायचा होतास. दुकान तुझं आहे.”

“कागदावर कोण विश्वास ठेवतं? तुझ्यावर ठेवतात.”

हे तो इतक्या सरळपणे म्हणाला, की काय बोलून गेलो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. मावशींच्या मात्र वर्मी लागलं. आठ वर्षं ज्याला त्या स्वतःची कमाई समजत होत्या, तो त्याच्या लेखी दुकानातलाच एक माल होता, आणि त्याने तो गरज पडल्यावर वापरला होता. केसाने गळा कापला होता, आणि कापताना चहाही दिला होता.

“याआधी कितीदा?” मावशींनी विचारलं.

“काय कितीदा?”

“खुंटीवरचा वेगळा, खोक्यातला वेगळा. याआधी कितीदा?”

“हा एकच. तुझी शपथ, वहिनी. हा एकच.”

त्याने अकराव्या वर्षापासून हजार थापा मारल्या होत्या. शाळा बुडवून, सायकल मोडून, साखर चोरून. त्यातली एकही मावशींना पचली नव्हती. तोंड उघडायच्या आत त्यांना कळे. आताही त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, भुवया, ओठ, हनुवटीवरची जुनी खूण. तो कदाचित खरं बोलत होता. कदाचित नव्हता. मावशींना काहीच कळेना. मागे दिलेले सगळे निकाल त्यांच्या डोळ्यांपुढून गेले, आणि त्यातल्या एकावरही आपल्याला हात ठेवता येत नाही, हे कळून त्यांना रडू फुटलं. बाळ पाणी घेऊन आला. त्यांनी पेला घेतला नाही.

“ठीक आहे, भाऊजी,” डोळे पुसून त्या म्हणाल्या. “राहिलेली खोकी तुम्ही परत पाठवा नाहीतर जाळा. इथून एकही जाणार नाही. ज्यांना गेली त्यांना मी स्वतः कळवते.”

आजवर त्या त्याला कधी ‘भाऊजी’ म्हणाल्या नव्हत्या. पेला त्याच्या हातातच राहिला. “असं काय बोलतेस, वहिनी? तुम्ही काय, भाऊजी काय...” तो म्हणाला. मावशी उठल्या, काचेवरचा कागद काढायला लागल्या. चिकटपट्टी सुटेना, तेव्हा नखाने खरवडून काढला.

पुढचे तीन दिवस त्या फोन करत बसल्या. दुरुस्तीवाल्याला पावत्यांवरून नंबर काढायला लावले. प्रत्येकाला सांगितलं, खुंटीवरचा नग बदललेला होता, मला माहीत नव्हतं, हेडफोन घेऊन या, दुसरा देते. बाळ एकदाच म्हणाला, “सदोष माल आला म्हण ना. एवढं खोलात कशाला?” मावशींनी पुढचा नंबर लावला. कुणी म्हणालं, “असू द्या मावशी, सवय झाली आता.” कुणी दुकानाला वाटेल ते बोललं आणि ते मावशींनी ऐकून घेतलं. एकाने विचारलं, “म्हणजे मागच्या वर्षी तुम्ही दिलेला, तोही तसाच होता का?” “माहीत नाही,” असं त्यांनी सांगितलं, आणि पलीकडून फोन ठेवला गेला.

शनिवारी दुपारी चष्मेवाली आली. मावशी सकाळपासून तिचीच वाट बघत होत्या. या तीन दिवसांत त्यांनी दुकानातल्या त्या किमतीच्या आसपासच्या सगळ्या हेडफोनांची खोकी फोडली होती, रीतभात गुंडाळून ठेवून. एकेक नग चष्म्यासकट डोक्यावर दोन दोन तास ठेवला होता. कानांच्या मागे दोन्हीकडे लाल चट्टे उठले होते. शेवटी त्यातून तासाच्या पुढे टिकणारे दोनच उरले. एक करडा, कापडी गादीचा, दिसायला अगदी गबाळा. दुसरा चकचकीत, पट्टीवर निळे दिवे असलेला.

मावशींनी तिला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. गाद्या कुणी बदलल्या, पट्टी कुठे ताणली, युक्ती कुणाची होती. दिराचं नाव झाकलं नाही. तो काउंटरमागे उभा राहून ऐकत होता.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने मावशींच्या हातावर हात ठेवला. “तुमची काही चूक नाही, मावशी. तुम्हाला कुठे माहीत होतं? तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका.” ती हे अगदी मनापासून म्हणाली. मावशींना इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

“हा घे,” त्यांनी करडा पुढे केला. “सीलबंद खोक्यातून काढलेला आहे. दोन तास घातला मी. काड्यांना जरासुद्धा लागत नाही. तुला बसेल हा.”

मुलीने तो घातला, मान हलवून बघितली, काढला. निळ्या दिव्यांचा घातला, काढला. मग ती अवघडल्यासारखी पर्समधून फोन काढून बोटाने वर वर सरकवत काहीतरी वाचू लागली. मावशींना पडदा दिसत होता. ताऱ्यांच्या ओळी होत्या, खाली अनोळखी माणसांची नावं. बराच वेळ ती वाचत होती. मावशी समोर उभ्या होत्या, करडा हेडफोन हातात धरून.

“मी हा घेते, मावशी,” शेवटी ती म्हणाली आणि निळ्या दिव्यांच्या हेडफोनकडे बोट दाखवलं. “पुष्कळ लोकांनी चांगलं लिहिलंय.” मग तिचं तोंड एवढंसं झालं. “राग नाही ना आला तुम्हाला?”

तो हेडफोन मावशींनी कालच घातला होता. पहिला तास बरा जातो. सव्वा तासाने उजव्या बाजूची गादी काडीवर चढते आणि मग डोकं धरून बसावं लागतं. सात ते नऊमधले साधारण सव्वाआठ. हे त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं.

“राग कसला त्यात,” मावशी म्हणाल्या. त्यांनी हेडफोन खोक्यात घातला, वायर गुंडाळून वर ठेवली, आणि खोकं पिशवीत घालून तिच्या हातात दिलं.